हात लावलेला नाही

आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी अर्जाशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही. वडिलांची सही अजून शाळेतल्या मुलासारखी येते, एकेक अक्षर सुटं. आईला वाचता येतं, पण ती ओठ हलवून वाचते. अशा घरातल्या मुलाने दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल लिहायला बसावं हे मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी लगेच हो म्हटलं असतं, आणि त्यामुळेच विचारायची हिंमत झाली नाही. लिहिता लिहिता मी कुठे स्वतःला उगाच चांगलं दाखवलं असं वाटलं, तर वाचणाऱ्याने तेवढं सोडून द्यावं.

आम्ही भोसरीत भाड्याने राहतो. एका ओळीत सहा खोल्या, मागे सगळ्यांचा मिळून एक नळ. मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारी कुणी शिंकलं तर आमच्या घरातलं कुणीतरी दचकतं. शेजारच्या खोलीत काका राहायचे. नात्याने काका नव्हेत. आमच्याच तालुक्यातले, धाराशिवकडचे, वडिलांच्या आधी इकडे आलेले. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते एकोणीस वर्षं सीएनसी लेथवर ऑपरेटर होते. हे लेथ कॉम्प्युटरवर चालतं, पण त्याचा प्रोग्रॅम दुसरंच कुणीतरी करून देतं. ऑपरेटरने लोखंडाचा तुकडा चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं आणि निघालेला जॉब मापून बघायचा. आठ तास तेच.

कधीकधी मशीन मध्येच थांबतं. लाल दिवा लागतो आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते. त्याला अलार्म म्हणतात. अलार्म आला की ऑपरेटरने हात काढायचा. एकही बटण दाबायचं नाही. मोबाईलवर पडद्याचा फोटो काढायचा, मेंटेनन्सवाल्याला पाठवायचा, मशीनला लाल टॅग अडकवायचा आणि बाजूला जाऊन उभं राहायचं. काका नवे असताना शेजारच्या मशीनवरच्या एकाने अलार्म आल्यावर स्वतःच रिसेट दाबलं होतं. मशीन चालू झालं, टूल धरणारा अख्खा भाग फिरत्या चकवर जाऊन आपटला, आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नाही. हे सांगताना काका दोन्ही हात वर करून दाखवायचे.

"आसं. आसं हुबं राहायचं. हात दिसले पायजेत."

मी हे लहानपणापासून ऐकलेलं आहे. मला हे पाठ होतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

मी कॉलेजला गेलो तो काकांमुळे असं म्हटलं तरी चालेल. प्रवेशाच्या दिवशी वडिलांना सुट्टी मिळाली नाही, तेव्हा काका खाडा करून माझ्याबरोबर आले. मला कुणाला काही विचारायची लाज वाटत होती. काकांना अजिबात वाटली नाही. प्रत्येक खिडकीत वाकून ते म्हणायचे, "साहेब, आमाला काई कळंना, तुमीच सांगा." एका क्लार्कने वैतागून माझा अर्ज ओढून घेतला आणि स्वतःच भरून दिला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बघ. इचारलं की हुतंय."

कॉलेजात मला लिनक्स भेटलं, विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर टाकायची फुकटची सिस्टिम. आणि त्याबरोबर तो ग्रुप. आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेला, तळवड्याच्या एका कंपनीत नोकरी करणारा एक जण तो चालवायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. शनिवारी पिंपळे गुरवला त्याच्या फ्लॅटवर जमायचं, बाकी दिवस मोबाईलवर. मी लॅपटॉपवर पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा वाय-फाय दिसेना. मी ग्रुपवर लिहिलं, "दादा, वाय-फाय येत नाही, काय करू?"

उत्तर आलं, "नारळ फोड."

दुसऱ्याने लिहिलं, "वाचता येतं ना भावा? की कॉलेजला डबा पोचवायला येतोस?"

तीन दिवस मी लॅबमध्ये बसून इंग्रजी पानं वाचली. शब्द अडला की मोबाईलवर अर्थ बघायचा. चौथ्या दिवशी वाय-फाय आलं. मी काय केलं ते सगळं ग्रुपवर लिहिलं, आणि दादाने उत्तर दिलं, "आता तू आपला." मला कॉलेजात तोवर असं कुणीच म्हटलं नव्हतं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील इंजिनिअर होते. माझ्याशी कुणी वाईट वागत नव्हतं, पण आपला असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी ते धर्मासारखं पाळलं. मला मदत मिळाली नाही म्हणून मी शिकलो, तेव्हा मदत न करणं हीच खरी मदत, असा माझा हिशेब. दुसऱ्या वर्षी दादाने मला ग्रुपचा अ‍ॅडमिन केलं. त्याच्या कंपनीत उन्हाळ्यात शिकाऊ मुलं घ्यायची होती, त्यासाठी तो माझं नाव सुचवणार होता. ग्रुपला नियम होते. आधी वाचा. काय काय करून बघितलं ते लिहा. सर, मॅडम, अर्जंट, प्लीज लिहू नका. पडद्याचा फोटो टाकू नका, मजकूर टाका. फोटो आला की काढून टाकायचं काम माझं.

त्याच सुमारास काकांच्या मालकाने चाकणला नवी शेड घेतली. नवी मशीनं येणार होती. मालकाने सांगितलं, आता नुसता ऑपरेटर नको, ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो तोच पाहिजे. जुन्या माणसांची दीड महिन्याने चाचणी घेणार. अर्धी कॉम्प्युटरवर, अर्धी मशीनवर. पास होईल तो चाकणला, बाकीच्यांनी आपापलं बघावं. काका अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार?

त्यांच्याकडे मुलीचा जुना लॅपटॉप होता, तिच्या डिप्लोमाच्या वेळचा. मुलगी लग्न होऊन गेली, लॅपटॉप राहिला. ते तो घेऊन माझ्याकडे आले.

"लेका, हे चालू करून च्या पिऊन आलो तरी नुस्तं गोल फिरायलंय."

"काका, जुना झालाय तो. लिनक्स टाकून देतो. पळेल."

"पळून कुटं जायचा न्हाई ना?"

रविवारी सकाळी काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. काकूंनी लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, खंडेनवमीला मशीनला लावतात तसं. मी डिस्कचे दोन भाग केले, एक सिस्टिमला, एक काकांच्या फायलींना. दादा तसं करायचा. किती जागा कशाला द्यायची याचा मी फारसा विचार केला नाही. काका बघत होते आणि मला हात थांबवायचा नव्हता. प्रोग्रॅम लिहिला की टूल कसं फिरेल ते चित्रात दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, तेही टाकलं.

"अपडेट मागेल ते देत जा," मी म्हणालो. "बाकी काही करायचं नाही. हे बिघडत नाही."

"कदीच?"

"कधीच."

अकरा दिवस काका रोज पहिली शिफ्ट संपवून आले की बसायचे. आधी वहीत प्रोग्रॅम लिहायचे, मग एका बोटाने टाईप करायचे. भिंतीतून टक, टक ऐकू यायचं आणि मध्येच हाक यायची, "ए लेका, ये, बघ, टोकाला गोलाई आली." मी जायचो. पडद्यावर एक हिरवी रेघ फिरून यायची आणि काका तिच्याकडे बघत राहायचे. एकोणीस वर्षं दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर मशीनचं दार लावत आलेले काका, आणि आता टूल त्यांच्या शब्दावर फिरत होतं. मला फार अभिमान वाटायचा. काकांचा नाही, माझा.

दादाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू चमच्याने भरवतोयस. उद्या तू नसलास की हे लोक परत विंडोजला पळणार. त्यांना ग्रुपवर आण. मार खाल्ल्याशिवाय कुणी लिनक्स शिकत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तू पण खाल्लास ना?"

बाराव्या दिवशी संध्याकाळी काका आमच्या दारात आले. हातात मोबाईल.

"अलार्म आलाय. काळा पडदा अन् पांढरी अक्षरं. फोटू काढलाय. हात लावला न्हाई."

मी दारातच होतो. त्यांचा लॅपटॉप माझ्यापासून दहा पावलांवर होता.

"काका, मी नाही बघणार. ग्रुपवर विचारा. तिथे विचारलं की शिकाल."

"आरं पण तू हितंच हायस की."

"म्हणूनच."

काका हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी त्यांचा मोबाईल घेतला, त्यांना ग्रुपमध्ये घातलं आणि मोबाईल परत दिला. तेव्हा त्यांचं हसू गेलं. पण राग आला नाही. "बरं," ते म्हणाले. "तुमच्याकडं तसा नियम आसंल."

काकांना टाईप करायला वेळ लागायचा म्हणून ते मोबाईलवर बोलून लिहायचे. मोबाईलशी बोलताना अगदी पुस्तकी बोलायचे. आपली गावाकडची भाषा त्याला कळणार नाही असं त्यांना वाटायचं. त्यामुळे त्यांचा प्रत्येक मेसेज मला आधी भिंतीतून ऐकू आला आणि मग ग्रुपवर दिसला.

"नमस्कार साहेब. मशीन उभे आहे. अलार्म आला आहे. फोटो पाठवला आहे. हात लावलेला नाही."

ग्रुपवर सगळं एकदम आलं.

"हे कोण राव?"

"हात लावलेला नाही म्हणे!"

"काका, लॅपटॉप सोवळ्यात आहे का?"

"अलार्म वाजला ना? मग उठा, दात घासा."

"कुणी घेतलं यांना आत?"

शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. नियमाप्रमाणे फोटो काढून टाकला. तो उघडूनसुद्धा बघितला नाही. छोट्या चौकोनात काळ्यावर पांढरं काहीतरी होतं एवढंच दिसलं.

दादाने लिहिलं, "फोटो चालत नाही. काय काय करून बघितलं ते सांगा."

भिंतीपलीकडे काका तो मेसेज मोठ्याने काकूंना वाचून दाखवत होते. मग मोबाईलला म्हणाले, "काहीच केले नाही साहेब. केले असते तर अजून बिघडले असते. टॅग लावला आहे."

त्यांनी खरंच टॅग लावला होता. वर्कशॉपमधून आणलेला, लाल, पत्र्याचा. त्यावर पांढऱ्या रंगात 'बंद. हात लावू नये.' सुतळीने लॅपटॉपच्या पडद्याला बांधलेला. काकू त्याच्या आजूबाजूने फडकं मारायच्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एकाने दोन्ही हात वर केलेल्या माणसाचं स्टिकर केलं. खाली लिहिलं होतं, 'हात लावलेला नाही'. दिवसभर कुणी काही विचारलं की उत्तरादाखल तेच यायचं. परीक्षेचा अभ्यास झाला का? स्टिकर. जेवलास का? स्टिकर. मलाही हसू आलं, ते लपवत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतःच ते स्टिकर ग्रुपवर पाठवलं. बरोबर 'शुभ सकाळ' लिहिलं होतं. त्यांना वाटलं, इथे नमस्कार असाच करतात.

त्या दिवशी ग्रुप जेवढा हसला तेवढा नंतर कधी हसला नाही.

मग कुणीतरी त्यांना एक इंग्रजी पान पाठवलं आणि लिहिलं, "हे वाचा. समजलं की या." काकांना इंग्रजी अक्षरं लावता येत होती, अर्थ लागत नव्हता. त्यांनी काय केलं तर ते अख्खं पान वहीत उतरवून काढलं. वर्कशॉपमध्ये जुने ऑपरेटर तसंच करतात. कळो न कळो, प्रोग्रॅम डायरीत उतरवून ठेवायचा, एकही टिंब न चुकता. दोन संध्याकाळी ते लिहीत होते. मी त्या दोन्ही संध्याकाळी पलीकडे होतो. टक टक बंद झालं होतं, आता नुसता पंख्याचा आवाज यायचा आणि मध्येच पान उलटल्याचा. मग वहीच्या चार पानांचे फोटो ग्रुपवर आले. सरळ, सुटं, वळणदार अक्षर. खाली मेसेज. "वाचले साहेब. लिहूनही काढले. आता पुढे काय करू? चाचणीला अठरा दिवस राहिले आहेत."

चाचणीचं त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं होतं. कसली चाचणी, असं कुणी विचारलं नाही.

"निबंध छान आहे. दहापैकी नऊ."

"शुद्धलेखनाचा एक मार्क कापला."

"अरे हे खरे आहेत की कुणी फिरकी घेतंय?"

दादाने मला वेगळा मेसेज केला. "हे तुझेच ना? संपव आता. तुझ्यामुळे ग्रुपची जत्रा झाली."

मला भीती वाटली. उन्हाळ्याचं काम हातचं जाईल याची, आणि त्याहून जास्त त्या दोन शब्दांची, 'तुझेच ना'. वाय-फाय आल्यावर मी 'आपला' झालो होतो. आता परत मला उचलून भिंतीच्या त्या बाजूला ठेवत होते. मी दहा मिनिटं विचार करून एक ओळ लिहिली.

"काका, इथे कुणी तुमचा मेंटेनन्सवाला बसलेला नाही. हात लावा, बिघडवा. आधी स्वतः करून बघायचं, मग विचारायचं."

तिच्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. दादाने लिहिलं, "फ्रेम करून लावा."

भिंतीपलीकडे काकांनी ती ओळ वाचली. नेहमीसारखी मोठ्याने. काकूंनी विचारलं, "कुणी लिवलंय?" काकांनी वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. त्यांच्या मोबाईलमध्ये माझा नंबर नावाने होता. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द तोडून, आणि मग तो ग्रुपवर उमटला.

"बरोबर आहे साहेब."

त्यानंतर ते ग्रुपवर कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर भेटलो. माझी बादली भरत होती. एरवी त्यांनी ती पायाने सरकवून स्वतःची लावली असती आणि वर म्हणाले असते, "कॉलेजवाल्यांना आंगुळ कशाला?" त्या दिवशी ते मागे उभे राहिले.

"भरू द्या साहेब तुमची."

मला वाटलं टोमणा मारतायत. मी तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. वर्कशॉपमध्ये कालपर्यंत हेल्पर असलेला पोरगा सुपरवायझर झाला की जुनी माणसं त्याला लगेच साहेब म्हणायला लागतात, तेवढंच ते होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'तुमी' झालो.

आईला कुणकुण लागली होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्यांचं ते काय बंद पडलंय ते बघून ये की. तुझ्यासाठी त्या मानसानं खाडा केलता."

"आई, तुला नाही कळत त्यातलं."

"मला न्हाई कळत. तुला कळतंय म्हणून तर म्हणायले."

मी गेलो नाही. जाईन असं रोज ठरवायचो. मग वाटायचं, आज गेलो तर इतके दिवस का नाही आलो ते सांगावं लागेल. असं करता करता चाचणीचा दिवस आला. सकाळी काका इस्त्रीचा तोच शर्ट घालून निघाले. मी खिडकीतून बघितलं. खिशात पेन होतं आणि काखेत ती वही.

पंधरा दिवसांनी त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान भरलं तेव्हा मी कॉलेजात होतो. आईने सांगितलं, "चाकणला चाललेत. तिकडंच काम लागलं म्हणाले." जाताना काकू लॅपटॉप आमच्याकडे देऊन गेल्या होत्या, टॅगसकट. काकांनी सांगितलं होतं म्हणे, त्या साहेबांना उपयोगी पडेल.

चाकणला काम लागलं म्हणजे काका पास झाले. मी दुसरा कुठलाच अर्थ काढला नाही. छातीवरचं ओझं एकदम उतरलं. एवढंच नाही, मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा. "ते हात न लावणारे काका आठवतात? पास झाले. भरवलं नाही की माणूस शिकतो." पुन्हा अंगठे आले. लॅपटॉप मी कपाटावर टाकला. दादाने माझं नाव सुचवलं, उन्हाळ्यात मी तळवड्याला जाऊ लागलो, गळ्यात ओळखपत्र घालून. तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली तर शेजारच्या ताईने तिची खुर्ची माझ्याकडे ओढली आणि पडद्यावर बोट ठेवून सगळं समजावून सांगितलं. तिने मला एकदाही विचारलं नाही की तू आधी काय काय करून बघितलंस. मला तेव्हा काकांची आठवण आली का? आली. पण ते पास झाले होते ना.

परवाच्या रविवारी सकाळी दारात एक माणूस आला. चाळिशीचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग.

"लिनक्स टाकून देणारे तुमीच का? मी काकांच्या शॉपला मेंटेनन्सला हाय. आता चाकणच्या शेडला. त्यांनीच तुमच्याकडं पाठवलं. म्हणले, त्या पोराकडून टाकून घे, लई नीट समजावून सांगतो."

मी त्यांना आत घेतलं. आईने चहा टाकला.

"काका काय म्हणतात?" मी विचारलं. "नवं मशीन जमलं ना त्यांना?"

ते बॅगेची चेन उघडायला लागले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. टाकायच्या आधी त्यांना लिनक्स कसं दिसतं ते दाखवावं म्हणून मी कपाटावरून काकांचा लॅपटॉप काढला. सुतळी सोडून टॅग बाजूला ठेवला. झाकणावर हळदकुंकवाचा डाग तसाच होता. चालू केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि मधोमध एक ओळ, स्वच्छ इंग्रजीत. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

सिस्टिमसाठी मी जो भाग केला होता तो फारच लहान होता. मी सांगितलं म्हणून काकांनी मागेल ते अपडेट दिलं आणि अकरा दिवसांत तो भरला. बाकीची जवळजवळ सगळी डिस्क रिकामी होती. जुन्या फायली काढून, भाग मोठा करून लॅपटॉप चालू करायला मला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चहा अजून पुरता निवलाही नव्हता. काकांच्या फायलींत त्यांचा शेवटचा प्रोग्रॅम होता, अर्धा लिहिलेला. त्या दिवशीच्या फोटोत हीच ओळ असणार. काकांनी एकही अक्षर न कापता पडदा नीट चौकटीत घेतला असणार, एकोणीस वर्षं घेत आले तसा.

मेंटेनन्सवाल्यांनी टॅग उचलून उलटा केला.

"हे आमच्या शॉपचं. अक्षर माझंच हाय." त्यांनी तो मांडीवर ठेवला. "तुमाला कुणी सांगितलं न्हाई वाटतं."

"काय?"

"काका शेडला न्हाईत. ते चाकणला एका गोडाऊनला हायत, ठेकेदाराकडं. खोक्यांना लेबलं चिकटवतात."

"पण पास झाले ना ते?"

"कॉम्प्युटरवर पास झाले की. सगळ्यात चांगला प्रोग्रॅम त्यांचाच. घरी वहीत लिवून लिवून बसवलेला. आमी सगळे बघतच राहिलो. दुपारी मशीनवर घेतलं. प्रोग्रॅम चढवला, चालू केला, अन् अलार्म आला. चाचणीत मुद्दाम आणतात तो. माणूस काय करतो ते बघायला. मी हितं हुबा, माझा फोन हातात. म्हणलं, आता काका फोटू पाठवतील. बाकी कुणाचं सांगता येत न्हाई, पण काकांची मला खात्री."

त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"काकांनी रिसेट दाबलं. टूल सगळं चकवर. नवं कोरं मशीन. मालक पळत आला. म्हणला, आहो, एकोणीस वर्षांत कदी बोट लावलं न्हाई, आन् आजच कसं लावलंत? तर काकांनी वही उघडली. त्यात एक ओळ लिवून घेतलेली, खाली तुमचं नाव. ती वाचून दाखवायला लागले. 'आधी स्वतः करून बघायचं, मग विचारायचं.' म्हणले, आता असंच करायचं असतंय साहेब, आमच्या शेजारच्या इंजिनिअरनं सांगितलंय."

"मग?"

"मग काय. कुणी ऐकून घेतलं न्हाई. त्यांनीच जाऊन टॅग आणला, मशीनला लावला, अन् बाजूला हात वर करून हुबे राहिले."